मुखपृष्ठावरचा शब्द

इनेझने लाल पेनाने ‘ख्रिस्ती’ हा शब्द खोडला आणि मुखपृष्ठाचा नमुना टेबलावरून विनिताकडे सरकवला. कोपऱ्यात उरले ते फक्त ‘अद्भुतकथा’.

“आता बघ,” ती म्हणाली, “किती मोकळं दिसतंय.”

विनिताने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. चित्र छान उतरले होते. ओहोटीच्या चिखलात रुतलेली होडी, होडीच्या टोकाला पेटता कंदील आणि मागे शाईसारखे काळे पाणी. मधोमध ‘खारभूमीची गाथा’, त्याखाली दोघींची नावे : इनेझ रुमाव, विनिता कुबल. वरच्या कोपऱ्यातला शब्द खोडला असला तरी लाल रेघेखालून वाचता येत होता.

“मोकळं नाही दिसत,” विनिता म्हणाली. “काहीतरी लपवल्यासारखं दिसतंय.”

दोघींच्या मध्ये बसलेला कौस्तुभ बशीतली सुकेळी, वसईची सुकवलेली केळी, खात होता. तो पुण्याच्या प्रकाशनसंस्थेचा संपादक. या एका कोपऱ्यासाठी तो रविवारी गाडी काढून वटारला आला होता. गाथेचे तीन भाग आजवर वसईतल्या एका छोट्या छापखान्याने काढले होते आणि ते सणांच्या दिवशी चर्चच्या आवारात, पुस्तकांच्या टेबलावर विकले गेले होते. हळूहळू ते वसईबाहेर पोचले. कोणीतरी कोल्हापूरहून पत्र पाठवले, कोणीतरी नागपूरहून. आता तिन्ही भाग नव्या रूपात आणि त्यांच्यासोबत चौथा, शेवटचा भाग असा संच पुण्याहून निघणार होता. सगळे ठरले होते. हा शब्द तेवढा ठरत नव्हता.

“दुकानात पुस्तक पोचलं की विकणारा आधी तो कोपरा बघतो,” कौस्तुभ म्हणाला. “त्यावरून कपाट ठरतं, आणि कपाटावरून वाचक. तुम्ही एपिक म्हणा, डार्क म्हणा, ख्रिश्चन म्हणा, तिन्हीला गिऱ्हाईक आहे. पण एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे फिरकत नाही.”

“रूपककथा तेवढं म्हणू नका,” इनेझ म्हणाली. “रूपककथेत प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कशाच्या तरी जागी उभी असते. आमचा कंदील कंदील आहे.”

“ते मान्य,” विनिता म्हणाली.

“आणि ख्रिस्ती का नको, तेही सांगते. एकदा ते छापलं की पुस्तक धार्मिक कपाटात जातं, उदबत्त्या आणि मेणबत्त्यांच्या शेजारी. आमचे लोक ते मुलांना पहिल्या कम्युनियनच्या समारंभाला भेट देतात. मुलं थँक्यू म्हणतात आणि परत कधी उघडत नाहीत. आणि बाकीचे लोक तर हातच लावत नाहीत. मी बारा वर्षं हे कपाटात ठेवायला लिहिलेलं नाही.”

ती हे शांतपणे, वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखे बोलली. वीस वर्षे मराठी शिकवल्यावर तिचा आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत जात असे. पहिल्या भागावर एका त्रैमासिकात परीक्षण आले होते. लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी भाषेचे कौतुक केले होते आणि शेवटी म्हटले होते, की हे वेशांतर केलेले प्रवचन आहे. ते परीक्षण इनेझने कोणाला दाखवले नव्हते. पण दुसऱ्या भागापासून, चर्चमध्ये ऐकल्यासारखे वाटेल असे एकही वाक्य तिने पानावर राहू दिले नव्हते.

“टीचर,” विनिता म्हणाली. ओळख होऊन बारा वर्षे झाली तरी ती इनेझला टीचरच म्हणत असे. “तिसऱ्या भागात आपला नायक आशेर स्वतःहून काळ्या पाण्यात उतरतो. ज्याने त्याला पकडून दिलं, त्याच्यासाठीसुद्धा. हे मला माहेरी, देवगडला, कोणी शिकवलं नव्हतं. तुझ्याकडून आलं. मग ते जिथून आलं त्याचं नाव लिहायला काय हरकत आहे?”

“नाव तुझंपण आहे वर.”

“माहितीये मला.”

“घरी विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय?” विनिता हसली. “माझं पुस्तक आहे.”

कौस्तुभने हात पुसले आणि कागद स्वतःकडे घेतला. “एक सांगू? तुमच्या दोघींचा वाद या शब्दाचा नाहीच आहे. शेवटाचा आहे. चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण अजून माझ्याकडे आलेलं नाही. आशेर परत येणार की नाही? ख्रिश्चन फँटसी असं छापलं तर तो यायला हवा. वाचक त्यासाठीच पैसे देतो. डार्क छापलं तर तो येता कामा नये. वरचा शब्द म्हणजे शेवटाची हमी असते, मॅडम. आधी शेवट ठरवा.”

इनेझचा शेवट ठरलेला होता. आशेर परत येत नाही, त्याचे सोबती त्याचा कंदील पेटता ठेवतात आणि पुस्तक संपते. तिने ते प्रकरण लिहूनही पाहिले होते. ते चांगले होते, हे तिला माहीत होते. विनिताने ते वाचून एवढेच म्हटले होते की कंदिलात तेल कोण घालणार?

“तू लिही,” इनेझ म्हणाली.

विनिताने वर पाहिले.

“तुला तो परत यायला हवाय ना? आण. आठवडा घे. मला पटलं तर कोपऱ्यातला शब्द तुझा. नाही पटलं तर माझा शेवट आणि माझा शब्द.”

“चालेल,” विनिता म्हणाली. तिने एवढ्या चटकन होकार दिला, की कौस्तुभ दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला.

तो गेल्यावर विनिताला स्कूटरपर्यंत सोडायला इनेझ फाटकाशी आली. वाडीतल्या केळींना पाणी सोडले होते आणि पाटातून ते वाहत होते. इनेझ मनातून निश्चिंत होती. त्यांच्यात काम वाटलेले होते. कथेचा सांगाडा आणि वर्णने इनेझची, संवाद आणि लढाया विनिताच्या. विनिताला गडगडाट आवडे. ती आशेरला विजेच्या लोळातून आणील, समुद्र दुभंगेल, शंख वाजतील, आणि ते वाचताना तिचे तिलाच कळेल की असा शेवट चालत नाही. वाद न घालता प्रश्न सुटेल.

त्यांची ओळख झाली तीही विनिताच्या अशाच एका गडगडाटामुळे. विनिताचा मुलगा आयुष इनेझच्या वर्गात होता. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात त्याने खाडीत राहणाऱ्या सात शेपट्यांच्या सुसरीबद्दल लिहिले होते. इनेझने दहापैकी दोन गुण दिले आणि पालकांना बोलावले. विनिता आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “टीचर, मुलाला ओरडू नका. निबंध मी लिहिलाय. पण दोन म्हणजे फारच कमी झाले.” इनेझने तिला विचारले की सुसर दिवसा कुठे झोपते. विनिताकडे उत्तर तयार होते. त्या संध्याकाळी शाळेच्या शिपायाने वर्गाचे दार लावायला दोनदा डोकावून पाहिले, तरी दोघी उठल्या नाहीत.

बुधवारी शाळा सुटताना श्रीरंग कुबल फाटकाशी उभा दिसला. विनिताचा नवरा वालीवच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मॅनेजर होता आणि या वेळी तो सहसा कारखान्यातच असे. इनेझला पाहून त्याने हेल्मेट काखेत धरले.

“टीचर, पाच मिनिटं आहेत?”

ते शाळेच्या भिंतीलगतच्या उसाच्या गाडीपाशी उभे राहिले. श्रीरंगने दोन ग्लास रस सांगितला. रस हातात आल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली.

“विनिताला मी आलोय हे माहीत नाही,” तो म्हणाला. “तिचं लिहिणं मला आवडतं. मी तिन्ही भाग वाचलेत. तुमच्याबद्दल तर बोलायलाच नको. फक्त तो एक शब्द…”

“ख्रिस्ती.”

“हो.” त्याने ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “आमची गोखिवऱ्याची सोसायटी मोठी आहे. मी सेक्रेटरी आहे तिथे. लोक वाईट नाहीत. पण हल्ली कुणी काही बोलतं, कुणी मोबाईलवर काही पाठवतं. विनिताचं नाव आणि वर तो शब्द बघितला की विचारणार, वहिनींनी धर्म कधी बदलला? आईपर्यंत जाईल ते. विनिता घाबरत नाही. मी घाबरतो. मला लपवायचं नाही तुमच्यापासून.”

“मी तो शब्द खोडलाय, श्रीरंग,” इनेझ म्हणाली. “रविवारीच.”

“खरंच?”

“मलाही तो नकोय.”

श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “मग आपण एकाच बाजूला आहोत, टीचर. बरं झालं. मला वाटलं होतं तुमच्याशी भांडावं लागणार.”

इनेझने मान हलवली. रसात आले जास्त पडले होते. तिने अर्धा ग्लास तसाच गाडीवर ठेवला. आपली बाजू दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची वेळ तिच्यावर प्रथमच आली होती. तिच्या बोलण्यात साहित्य होते, वाचक होता, कपाट होते. श्रीरंगच्या बोलण्यात यातले काही नव्हते. तरी शब्द तोच खोडायचा होता.

“माझं कारण वेगळं आहे,” ती म्हणाली.

“असेल ना,” श्रीरंग समजूतदारपणे म्हणाला. “प्रत्येकाचं काहीतरी असतंच.”

त्याने पैसे दिले, हेल्मेट घातले आणि आभार मानून निघून गेला. घरी जाताना इनेझने रिक्षात सहावीच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला, पण एकही उघडली नाही.

विनिताने प्रकरण शुक्रवारी पाठवले. सोबत एकच ओळ होती : “वेलांट्या तू बघ.”

इनेझ मागच्या ओसरीवर गेली. तिथे तिची सासू मार्गारेट भिजवलेले वाल सोलत बसली होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिला दूरचे चांगले दिसत असे, पण अक्षरे जुळत नसत. म्हणून गाथेचे प्रत्येक प्रकरण छापण्याआधी तिला वाचून दाखवायचा रिवाज पडला होता. मार्गारेट फारसे काही बोलत नसे. कंटाळा आला तर उठून कोंबड्यांना हाकलायला जात असे, आणि इनेझला तेवढी टीका पुरत असे.

“विनिताने लिहिलंय हे,” इनेझ म्हणाली. “शेवटचं.”

“तो येतो का?”

“ऐका.”

तिने फोन डोळ्यांजवळ धरून वाचायला सुरुवात केली. वीज नव्हती. समुद्र दुभंगला नाही. आशेरचे सोबती त्याच्या वस्तू वाटून घ्यायला पहाटे खाली वाळूत उतरतात. कोणाला वल्हे हवे असते, कोणाला घोंगडी. कंदील कोणी मागत नाही. त्यांच्यात त्यावरून थोडे भांडणही होते, मेलेल्या माणसाच्या घरी होते तसे हलक्या आवाजात. मग एकाला धूर दिसतो. खडकाच्या आडोशाला कोणीतरी विस्तव केला आहे आणि पाठमोरा बसून बांगडे भाजतो आहे. ते लांबच थांबतात. पाठ ओळखीची असते, म्हणूनच पाय पुढे पडत नाहीत. तो माणूस वळून पाहत नाही. विस्तवावरचा एक मासा उचलतो, फुंकर मारतो आणि पहिला घास स्वतः खातो, सगळ्यांना दिसेल असा. चावतो. गिळतो. मग बाजूची वाळू हाताने सारखी करतो आणि म्हणतो, “गार होईल. बसा.”

इनेझचा आवाज मध्येच मंद झाला होता. शेवटच्या ओळीला ती थांबली. मार्गारेटचे हातही थांबले होते. सोललेला एक वाल तिच्या बोटांत तसाच होता.

“हे तर आपल्या मिस्सात वाचतात,” मार्गारेट म्हणाली. “ईस्टर झाला की.”

“हो.”

वटारच्या चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेत, ते इनेझने लहानपणापासून ऐकले होते. पुरलेला गुरू कबरीतून उठतो आणि एका सकाळी सरोवराच्या काठी विस्तव करून, आपल्या माणसांसाठी मासे भाजून त्यांना न्याहारीला बोलावतो. मार्गारेटचा नवरा हयात असताना तो उतारा वाचायला तोच उभा राहत असे, आणि मार्गारेटला तो त्याच्या आवाजात पाठ होता.

“विनिता कधीपासून मिस्साला यायला लागली?”

“ती नाही येत, आई.”

“मग तू सांगितलं असशील.”

“मी कधीच नाही सांगितलं.”

हे खरे होते. बारा वर्षांत इनेझने विनिताला खाडीची भुते सांगितली होती, मिठागरांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, लग्नातली गाणी शिकवली होती. हे मात्र तिने बाजूला ठेवले होते. परीक्षण आल्यानंतर तर अधिकच काळजीने.

“मग तिला कोणी सांगितलं?” मार्गारेटने विचारले.

इनेझ फोन घेऊन उठली. मार्गारेटने हातातला वाल पातेल्यात टाकला आणि दुसरा घेतला. ती कोंबड्यांकडे गेली नाही.

इनेझने वाडीत जाऊन विनिताला फोन लावला. ती कामावर होती. मागे कोणाचे तरी बिलांवरून बोलणे चालले होते. “थांब हां,” म्हणून ती बाहेर आली.

“सपक वाटलं ना?” तिने इनेझला बोलूच दिले नाही. “मी लढाई लिहून बघितली टीचर, देवाशपथ. दोन दिवस लिहिली. काळं पाणी फाडून तो वर येतो वगैरे. पण वाचलं की तो आशेर वाटेना. तो असा येणार नाही गं. तो गाजावाजा करणारा माणूस नाही.”

“विस्तव कुठून आणलास?”

“कुठून म्हणजे?”

“ते मासे. तो आधी खातो ते. कुठे वाचलंस?”

“वाचायचं काय त्यात?” विनिताला नवल वाटले. “ते माझे बाबा आहेत.”

इनेझ केळीच्या खोडाला टेकून उभी राहिली.

“तुला कधी सांगितलं नाही का मी? बाबा देवगडला मच्छीमारीला जायचे. मी तिसरी-चौथीत असेन. अवकाळी वादळ आलं आणि त्यांची होडी परतलीच नाही. बाकीच्यांच्या फळ्या मिळाल्या. सगळ्यांनी आशा सोडली. आईच्या बांगड्या कधी उतरवायच्या यावर आत मोठी माणसं बोलत होती, मी दाराआडून ऐकत होते. तर सकाळी कोणीतरी ओरडत आलं, खाली वाळूत तुमचा श्रीपत बसलाय, मासे भाजतोय. आम्ही सगळे धावलो. पण जवळ जायला कोणी धजेना. बाबा आपले खात होते.”

“घरी का नाही आले?”

“आजीने तेच विचारलं. ते म्हणाले, मी ओला, दाढी वाढलेला तसाच दारात उभा राहिलो असतो तर तुम्ही भूत समजून दार लावलं असतं. माणूस जेवताना दिसला की पटतं. भूत काही जेवत नाही.” विनिता थोडी हसली. “मग मीच पहिली गेले. त्यांनी काटा काढून मासा माझ्या हातावर ठेवला. आमच्याकडे नंतर कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगायचे. श्रीरंगला लग्नात सांगितली होती बाबांनी. तुला कशी नाही सांगितली मी?”

पाटात एक सुके पान अडकले होते आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

“टीचर? काही चुकलं का?”

“नाही.”

“मग?”

“दोन वेलांट्या चुकल्यात.”

“बस?”

“बस,” इनेझ म्हणाली. “श्रीरंगने वाचलं?”

“काल रात्री. म्हणाला, ही बाबांची गोष्ट आहे. आणि सगळं सांगून टाकलं मला, तुला भेटून गेला ते. मी चिडणार होते, पण त्याचाच चेहरा असा झाला होता की राहू दिलं.”

“आणि तो शब्द?”

“म्हणाला, सोसायटीत कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेव. मी म्हटलं, ठरवायचं कशाला? आधी वाचा म्हणून सांगेन. वाचून झाल्यावर काय विचारायचं ते विचारा.” मागून कोणीतरी तिला हाक मारली. “टीचर, मला जायला हवं. पटलं की नाही ते सांग ना एकदा.”

“शब्द तुझा,” इनेझ म्हणाली.

विनिताने इतक्या सहज जिंकायची तयारी केली नसावी. ती “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मिस्सातला तो उतारा विनिताला सांगायचा की नाही, याचा इनेझने संध्याकाळभर विचार केला. सांगितला असता तर विनिताला आनंदच झाला असता. पण मग ते प्रकरण पुन्हा वाचताना तिच्या डोळ्यांसमोर देवगडची वाळू राहिली नसती, किंवा नुसती तीच राहिली नसती. पुस्तक छापून हातात येईपर्यंत थांबायचे, असे तिने ठरवले. नंतर ती स्वतः सांगेल, सावकाश, शेजारी बसून. आपला निर्णय बरोबर आहे याविषयी तिला शंका नव्हती. रविवारी खोडलेल्या शब्दाविषयीही तिला शंका नव्हती, हे आठवून ती स्वतःशीच हसली, पण निर्णय बदलला नाही.

तिने प्रकरणातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. ‘बांगडे’ या शब्दावर ती थोडी थांबली. खारभूमीत माशांना, झाडांना, वाऱ्यांना त्यांची स्वतःची नावे होती. दोघींनी मिळून ती रचली होती. नियमाप्रमाणे इथेही तिथलेच एखादे नाव यायला हवे होते. तिने ‘बांगडे’ तसेच ठेवले.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने कौस्तुभला फोन केला.

“ख्रिस्ती अद्भुतकथा,” ती म्हणाली. “चारही भागांवर. त्याच जागी, त्याच आकारात.”

“तुम्हीच तर खोडला होता, मॅडम.”

“हो. आता मीच लिहायला सांगतेय.”

“म्हणजे तो परत येतो.”

“येतो.”

पलीकडून पेनाचा खरखर आवाज आला. “माझी हरकत नाही. फक्त एक आठवण करून देतो. पुन्हा कोणीतरी प्रवचन म्हणेल. आणि काही दुकानं उदबत्तीशेजारीच ठेवतील.”

“ठेवू देत,” इनेझ म्हणाली. “शेवटचं पान वाचलं की जो तो आपल्या घरी घेऊन जाईल.”

“आणि नावांचा क्रम?”

“विनिताचं आधी घ्या.”

“तिचं? ख्रिश्चन लेबलखाली पहिलं नाव कुबल? लोकांना गंमत वाटेल.”

“वाटू दे. शेवट तिचा आहे.”

कौस्तुभने वाद घातला नाही. त्याला एवढ्या वर्षांत लेखकांच्या आवाजावरून कळू लागले होते, की आता कुठे थांबायचे. त्याने प्रकरण लगेच पाठवायला सांगितले आणि इनेझने ते घंटा होण्याआधी पाठवलेसुद्धा.

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. इनेझ सातवीच्या वर्गातून बाहेर पडत होती. मुले शब्दांची यादी फळ्यावर तशीच सोडून पटांगणाकडे पळाली होती आणि व्हरांड्यात तिच्याशिवाय कोणी नव्हते.

“मॅडम, प्रकरण वाचलं,” त्याने लिहिले होते. “दोनदा वाचलं. फार चांगलं आहे, एक अक्षरही हलवत नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरासाठी एक शंका विचारतो, कारण मी काही ख्रिस्ती नाही आणि मला त्यातलं माहीत नाही. मरून परत आलेला माणूस सगळ्यात आधी मासे का भाजतो? यामागे तुमच्या धर्मातलं काही आहे का? असेल तर दोन ओळी द्या.”

इनेझ व्हरांड्याच्या कठड्याशी थांबली. तिने उत्तर लिहायला घेतले. सरोवर लिहिले, सकाळ लिहिली, ईस्टरनंतरचा रविवार लिहिला. दोन ओळींच्या सात झाल्या आणि सगळ्या बरोबर होत्या. तिने त्या एकदा वाचल्या आणि पुसून टाकल्या.

मग लिहिले : “हे विनिताला विचारा. तिला नीट माहीत आहे.”